न्यू ऑर्लिन्स तिथंच पुन्हा बांधायचं की हलवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुमची बहीण आणि मेहुणे न्यू ऑर्लिन्सला भाड्यानं राहतात, आता तिथंच घर घ्यायचं म्हणतायत, विम्याचे आकडे बघून दोघंही हादरलेत. आणि तुम्हाला वाटतं की समुद्रसपाटीच्या खाली असलेलं, वादळात बुडणारं शहर दर वेळी अब्जावधी डॉलर ओतून तिथंच उभं करण्यापेक्षा सरकारनं ते एकदाचं आतल्या बाजूला, उंचावर हलवून टाकावं. यात दोन प्रश्न आहेत, शहराचा आणि घराचा. आधी शहराचं बोलतो, कारण घराचं उत्तर त्यातूनच निघतं.

मी जिओटेक्निकल इंजिनिअर आहे. बांध, पूरभिंती, पंपिंग स्टेशन यांच्याखालची माती तपासायची आणि ती किती भार घेईल, किती वर्षांत किती खचेल हे सांगायचं, हे माझं काम, आणि ते मी बरीच वर्षं टेक्सास-लुइझियानाच्या किनाऱ्यावर करतोय. माझं मत आधीच सांगतो. अख्खं शहर हलवणं हा पर्याय बोलायला सोपा आहे पण प्रत्यक्षात तो जवळजवळ नसतोच, आणि जे होतं ते सगळं होतं तिथंच बांधणंही चूक आहे. निर्णय वस्तीवस्तीचा घ्यावा लागतो: कुठली जमीन राखायची, कुठली सोडायची, आणि सोडायला सांगताना त्या घरमालकाच्या हातात काय ठेवायचं. बहुतेक सगळं या शेवटच्या गोष्टीवर येऊन अडतं.

सुरुवात जमिनीपासून करू. शहर समुद्रसपाटीखाली आहे हे अर्धंच खरं आहे. १७१८ मध्ये बिएनव्हिल या फ्रेंच वसाहतकारानं हे शहर वसवलं ते मिसिसिपीच्या काठच्या उंचवट्यावर. नदी दर पुराला काठावर जाड गाळ टाकते, त्यामुळे अशा प्रदेशात नदीचा काठ उंच असतो आणि नदीपासून लांब जाल तसतशी जमीन उतरत दलदलीत जाते. आपल्याकडे नदीपासून लांब गेलं की सुरक्षित असं आपण धरतो, तिथं उलटं आहे. फ्रेंच क्वार्टर त्या जुन्या उंचवट्यावर आहे, आणि ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना चक्रीवादळात शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला तेव्हाही तो बहुतेक कोरडा राहिला. आजही शहराची साधारण निम्मी जमीन समुद्रसपाटीला किंवा तिच्या वर आहे.

उरलेली निम्मी मुळात इतकी खाली नव्हती, माणसांनी ती खाली नेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अल्बर्ट बाल्डविन वूड नावाच्या इंजिनिअरनं प्रचंड क्षमतेचे स्क्रू पंप बनवले, १९१३ नंतरच्या काळात ते बसायला लागले, आणि मागची दलदल उपसून तिथं घरं बांधता यायला लागली. लेकव्ह्यू, जेंटिली, पुढं न्यू ऑर्लिन्स ईस्ट, हे सगळे भाग त्यातून झालेले. पण त्या जमिनीत पीट आहे, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याचे थर. पाण्यात असेपर्यंत पीट टिकतं, पाणी उपसलं की त्याला हवा लागते, ते कुजतं, आकसतं आणि वरची जमीन बसते. जमीन बसली की पावसाचं पाणी जास्त साचतं, म्हणून आणखी उपसा, म्हणून आणखी बसणं. काही ठिकाणी आज सहा-आठ फूट खाली गेलेली जमीन आहे. खांबांच्या पायावरची घरं जागेवर राहतात आणि अंगण खाली जातं, मग दारापुढं एक-एक पायरी वाढवत जावं लागतं, जमिनीखालचे गॅसचे आणि पाण्याचे पाइप ताणले जाऊन तुटतात. म्हणून कुणी मला विचारलं की न्यू ऑर्लिन्स राखावं का, तर मी आधी विचारतो, कुठलं न्यू ऑर्लिन्स?

आता कॅटरिना. इथं मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण बहुतेक लोकांच्या डोक्यात असं बसलंय की एवढं मोठं वादळ आलं, बांधावरून पाणी गेलं, शहर बुडलं, निसर्गापुढं कोण काय करणार. हे बऱ्याच अंशी चुकीचं आहे आणि ते चुकीचं असल्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर बदलतं. बांध आणि भिंती पन्नासपेक्षा जास्त ठिकाणी फुटल्या. त्यातल्या सेव्हन्टीन्थ स्ट्रीट कॅनालच्या भिंतीच्या माथ्यापर्यंत पाणी पोचलंही नव्हतं, त्याआधीच ती गेली. ती आय-वॉल होती, म्हणजे मातीच्या बांधात पोलादी शीट पाइल, म्हणजे जाड पोलादी पत्र्यांची सलग रांग, ठोकायची आणि तिच्या डोक्यावर काँक्रीटची उभी भिंत. पाणी चढलं तशी भिंत जमिनीच्या बाजूला थोडी झुकली, आणि पाण्याच्या बाजूला भिंत आणि माती यांच्यात फट पडली, दात हलायला लागल्यावर हिरडीपाशी पडते तशी. त्या फटीत पाणी शिरलं, थेट पाइलच्या खालच्या टोकाकडं दाब गेला, खालची मऊ चिकणमाती सरकली आणि बांधाचा मागचा अर्धा भाग भिंतीसकट परसदारांमध्ये जाऊन पडला. लंडन अव्हेन्यू कॅनालला भिंतीखाली वाळूचा थर होता, तिथं पाणी वाळूतून पाझरत पलीकडं गेलं आणि त्यानं पायाच उचलला. इंडस्ट्रियल कॅनालवर मात्र पाणी खरोखर भिंतीवरून गेलं, पलीकडं पडून त्यानं पायाची माती खोदली, आणि लोअर नाइन्थ वॉर्डमध्ये घरं पायावरून उचलून वाहून नेली.

हजाराहून जास्त माणसं गेली त्या आठवड्यात. त्यांच्यातली बरीचशी अशा भिंतींमागं राहत होती ज्यांवर विश्वास ठेवा असं त्यांना सरकारी नकाशांनी सांगितलं होतं. मातीचं काम करणारा माणूस म्हणून मला हे आजही फार लागतं. पाइल आणखी खोल हवी होती, मातीची ताकद सरासरी धरण्याऐवजी बांधाच्या पायथ्याशी जिथं ती सगळ्यात कमी होती तिथली धरायला हवी होती, आणि फटीची शक्यता गणितात यायला हवी होती. म्हणजे जागा वाईट होतीच, पण शहर त्या दिवशी बुडालं ते बऱ्याच प्रमाणात बांधकामामुळे. बांधकामाची चूक दुरुस्त करता येते. जागेची चूक तशी करता येत नाही, आणि कुठं काय झालंय हे वेगळं काढल्याशिवाय हलवा किंवा बांधा म्हणण्यात अर्थ नाही.

दुरुस्ती झाली, आणि चांगली झाली. आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सनं, म्हणजे बांधांची कामं करणाऱ्या अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागानं, साधारण साडेचौदा अब्ज डॉलर खर्चून नवी यंत्रणा उभारली. आय-वॉलच्या जागी बहुतेक ठिकाणी टी-वॉल आल्या, म्हणजे खाली रुंद काँक्रीटचा तळवा आणि त्याखाली तिरपे ठोकलेले पाइल, जे झुकायला विरोध करतात. पूर्वेला लेक बोर्नच्या तोंडाशी पावणेदोन मैलांपेक्षा लांब आडवी भिंत घातली, म्हणजे समुद्राची लाट शहराच्या कालव्यांपर्यंत येऊच नये. शहराच्या उत्तरेच्या पाँचर्ट्रेन तलावाला मिळणाऱ्या कालव्यांच्या तोंडावर दरवाजे आणि पंप बसवले, म्हणजे पाणी आत शिरून शहराच्या मध्यापर्यंत येणंच बंद झालं. २९ ऑगस्ट २०२१ ला, कॅटरिनाच्या बरोबर सोळाव्या वर्षदिनी आयडा वादळ आलं, कॅटरिनापेक्षा जास्त वेगाचे वारे घेऊन, आणि या यंत्रणेच्या आतलं शहर समुद्राच्या पाण्यानं बुडालं नाही. यंत्रणेच्या बाहेर, पश्चिमेला लाप्लासमध्ये, घराघरात पाणी होतं.

पण त्याच आयडात शहरात येणाऱ्या आठही मुख्य वीजवाहिन्या एकाच वेळी पडल्या, ऑगस्टच्या उन्हात दिवसेंदिवस वीज नव्हती, आणि शहरात जे गेले त्यातले बरेच जण पुरानं गेले नाहीत, घरात उकाड्यानं गेले, त्यातही एकटे राहणारे म्हातारे जास्त. बांधाच्या पैशात हा हिशोब कुणी धरत नाही, पण राहायचं की जायचं हे ठरवताना तो धरायला हवा.

आणखी एक गोष्ट, जी फार कमी लोकांना नीट सांगितली जाते. ही यंत्रणा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पातळीसाठी आहे. म्हणजे शंभर वर्षं निर्धास्त असं नाही, तर दर वर्षी एक टक्का शक्यता की पाणी त्याच्या वर जाईल. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत एकदा तरी तसं होण्याची शक्यता २६ टक्के येते, गणित करून बघा. नेदरलँड्समध्ये दाट वस्तीच्या किनाऱ्याला याच्या कितीतरी पट कडक पातळी ठेवतात. शिवाय मऊ मातीवर बांधलेला बांध स्वतःच्या वजनानं खचत राहतो, दर काही वर्षांनी त्यावर भर घालावीच लागते, आणि समुद्र वर येतोय तो वेगळाच. काम संपता संपता, २०१९ मध्येच, आर्मी कोअरनं जाहीर केलं होतं की भर घातली नाही तर २०२३ इतक्या लवकर काही बांध ठरलेल्या पातळीखाली जाऊ शकतात. म्हणून तिथंच बांधा म्हणणाऱ्यांनी एकदाच्या खर्चाबद्दल बोलू नये, शहर असेपर्यंत दर वर्षीच्या खर्चाबद्दल बोलावं.

मग हलवा, असं तुम्ही म्हणाल. हलवून बघितलेलं आहे लोकांनी, आणि त्यातून बरंच शिकता येतं.

बेलीझ घ्या. ३१ ऑक्टोबर १९६१ ला हॅटी वादळानं बेलीझ सिटी जवळजवळ झोपवली. तेव्हा तो ब्रिटिश होंडुरास होता. सरकारनं ठरवलं की राजधानी आत न्यायची, साधारण ८० किलोमीटर आत बेल्मोपान नावाचं नवं शहर आखलं आणि १९७० मध्ये राजधानी तिथं गेली. कचेऱ्या गेल्या, सरकारी क्वार्टर्स झाले. पण बंदर किनाऱ्यावर, बाजार किनाऱ्यावर, मासळी किनाऱ्यावर, मग माणसं कशी जातील? आज अर्ध्या शतकानंतरही देशातलं सगळ्यात मोठं शहर बेलीझ सिटीच आहे. गंमत म्हणजे वादळात बेघर झालेल्यांसाठी रस्त्याकडेला जी तात्पुरती छावणी टाकली तिचं हॅटीव्हिल नावाचं कायमचं गाव झालं. माणसं रोजगारापासून जितकी लांब जाऊ शकतात तितकीच जातात.

टेक्सासच्या किनाऱ्यावर तर एकाच काळातली दोन उदाहरणं आहेत. इंडियानोला हे भरभराटीचं बंदर १८७५ च्या वादळात मोडलं, पुन्हा बांधलं, १८८६ च्या वादळात पुन्हा मोडलं, आणि मग लोकांनी ते सोडूनच दिलं. तालुक्याचं ठाणं म्हणाल तसं कौंटीचं मुख्यालय पोर्ट लव्हाकाला गेलं, १८८७ मध्ये पोस्ट ऑफिसही बंद. गॅल्व्हेस्टनला ८ सप्टेंबर १९०० ला वादळ आलं, कमीत कमी सहा हजार माणसं मेली, अमेरिकेच्या इतिहासातली ती सगळ्यात जीवघेणी नैसर्गिक आपत्ती. पण गॅल्व्हेस्टन श्रीमंत होतं, कापसाचं बंदर होतं, कर्जरोखे काढायची त्याची पत होती, म्हणून तिथल्या लोकांनी राहायचं ठरवलं आणि अर्धवट ठरवलं नाही. सतरा फूट उंचीची समुद्रभिंत बांधली, आणि तिच्यामागचं अख्खं शहर उचललं. शब्दशः उचललं. दोन हजारांवर इमारती जॅकवर चढवल्या, त्यात मोठं दगडी-विटांचं चर्चसुद्धा, आणि खाली गाळ आणि वाळूचा लगदा पंपानं भरला. १९०३ ते १९११ हे चाललं, लोक त्या काळात लाकडी पुलांवरून घरी जायचे, झाडं मेली, ती पुन्हा लावली. घर उचलायचा खर्च ज्याचा त्यानं केला. १९१५ ला तितक्याच ताकदीचं वादळ आलं तेव्हा शहरात अगदी थोडे मृत्यू झाले.

मी तरुण इंजिनिअरांना गॅल्व्हेस्टन आवर्जून दाखवतो, कारण राहायचं असेल तर काय करावं लागतं हे तिथं दिसतं. पण त्यालाही दुसरी बाजू आहे. १९१४ ला ह्यूस्टनचा जहाजांसाठीचा खोल कालवा खुला झाला आणि धंदा आत सरकला, गॅल्व्हेस्टन पुन्हा कधी टेक्सासचं पहिलं बंदर झालं नाही. आणि २००८ ला आइक वादळ आलं तेव्हा पाणी भिंतीवरून न येता मागच्या खाडीच्या बाजूनं घुसलं. भिंतीनं जीव वाचवले, धंदा तिला धरून ठेवता आला नाही.

न्यू ऑर्लिन्सची अडचण अशी की तिथला धंदा आत सरकू शकत नाही. अमेरिकेच्या मध्यभागातलं मका-सोयाबीन बार्जवर लादून मिसिसिपीनं खाली येतं आणि तिथं समुद्री जहाजात चढतं, देशाच्या धान्यनिर्यातीचा फार मोठा हिस्सा या खालच्या पट्ट्यातून जातो. नदीचं तोंड जिथं आहे तिथंच ते काम होणार, रिफायनऱ्याही त्याच काठावर आहेत. हे काम करणारे क्रेनवाले, जहाजांना वाट दाखवणारे पायलट, वेल्डर, त्यांच्या मुलांच्या शिक्षिका, त्यांना शिरा-इडली नाहीतर गंबो (तिथलं दाट सूप) करून घालणारे, सगळे जवळपासच राहणार. शहर हलवलं तरी तिथं शहर उगवेलच, फक्त बांधाशिवाय आणि परवान्याशिवाय उगवेल. २००५ मध्ये अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे, हाउसचे, अध्यक्ष डेनिस हॅस्टर्ट यांनी समुद्रसपाटीखालचं शहर पुन्हा बांधण्यात अर्थ वाटत नाही असं म्हटलं होतं आणि त्यावर मोठा गदारोळ झाला. मला त्यांचं म्हणणं पटत नाही, पण ते ज्या पैशांबद्दल बोलत होते तो प्रश्न खोटा नव्हता.

आता माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा भाग. कॅटरिनानंतर शहरानं एक समिती नेमली, तिच्यापुढं नामांकित नियोजनकार आले, आणि त्यांचं तांत्रिक म्हणणं बरोबर होतं: लोकसंख्या लगेच परत येणार नाही, सगळ्यात खोलगट भाग मोकळे सोडा, तिथं पाणी साठवा, उंच भागात दाट वस्ती करा. जानेवारी २००६ मध्ये हा नकाशा वर्तमानपत्रात आला, आणि त्यावर सहा मोठे हिरवे ठिपके होते, भावी बागांच्या जागा म्हणून. आता विचार करा, तुम्ही अटलांटाला नाहीतर ह्यूस्टनला नातेवाइकाच्या सोफ्यावर झोपताय, घरात चिखल आहे, हातात विम्याचा पैसा नाही, सरकारकडून एक छापील कागदही आलेला नाही, आणि पेपरात तुमच्या गल्लीवर हिरवा ठिपका आहे. लोक खवळले, आणि खवळणारच. त्यातल्या बऱ्याच वस्त्या कृष्णवर्णीयांच्या होत्या, ज्यांनी १९६५ च्या बेट्सी वादळात एकदा सगळं घालवलं होतं, आणि १९२७ ला न्यू ऑर्लिन्स वाचवण्यासाठी खालच्या अंगाचा बांध डायनामाइटनं उडवला होता ही आठवणही त्या भागात मेलेली नव्हती. अशाच एका ठिपक्याखाली आलेल्या ब्रॉडमूर वस्तीच्या रहिवाशांनी एकत्र येऊन स्वतःची योजना केली आणि वस्ती परत उभी केली. महापौर रे नेगिन यांनी नकाशा बाजूला ठेवला आणि जाहीर केलं की ज्याला जिथं बांधायचंय तिथं बांधा.

नकाशा आधी आला आणि मोबदला नंतर, इथं सगळं फिसकटलं. मोबदल्याची योजना, रोड होम, काही महिन्यांनी आली, आणि तिचं सूत्र असं होतं की घराची वादळाआधीची बाजारकिंमत किंवा दुरुस्तीचा खर्च, यातला जो आकडा कमी तो धरायचा आणि त्यातून विम्याचे पैसे वजा करायचे. दोन सारखी घरं, सारखं नुकसान, दोघांनाही दुरुस्तीला समजा दीड लाख डॉलर लागणार, पण लोअर नाइन्थ वॉर्डमधल्या घराची बाजारकिंमत साठ हजार म्हणून त्याला साठच्या हिशोबानं, आणि लेकव्ह्यूतल्याला दीड लाखाच्या. पाऊण भिंत बांधून पैसे संपले अशी घरं त्यातून झाली. यावर कोर्टात दावा झाला आणि २०११ मध्ये तडजोड झाली, पण तोवर ज्यांना जायचं होतं ते गेले होते. जनगणनेत बघा: २००० मध्ये ४,८४,६७४, २०१० मध्ये ३,४३,८२९, २०२० मध्ये ३,८३,९९७. लाखभर माणसांचं स्थलांतर झालंच की. फक्त ते कुणी ठरवलं नाही, कुणी त्याचं नाव घेतलं नाही, आणि जमिनीची उंची बघूनही ते झालं नाही, खिसा बघून झालं. एकेका रस्त्यावर दोन घरं दुरुस्त, मध्ये सहा प्लॉट गवताचे, आणि त्या दोन घरांसाठी अख्खी पाइपलाइन, दिवे, पंप चालू ठेवावे लागतात.

ठरवून हलवलेली वस्तीही लुइझियानात आहे. आयल दे जीन चार्ल्स हे चॉक्टॉ आदिवासींचं बेट, १९५५ पासून त्याची ९८ टक्के जमीन पाण्यात गेली. २०१६ मध्ये केंद्राकडून ४८ दशलक्ष डॉलर मंजूर झाले, साधारण ६५ किलोमीटर उत्तरेला नवी वसाहत झाली, पहिली कुटुंबं २०२२ च्या ऑगस्टमध्ये राहायला गेली. काही मोजक्या डझन कुटुंबांसाठी हा पैसा आणि ही सहा वर्षं, तरीही आदिवासी परिषद आणि राज्य सरकार यांच्यात निर्णय कोण घेणार यावरून बिनसलंच. आपल्याकडं १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी परिसरात बावन्न गावं नव्या जागी बांधली, तिथं ज्यांनी काम केलंय ते सांगतील की घर मिळणं आणि गाव मिळणं यात किती अंतर आहे, शेत लांब पडलं की माणूस परत शेतावर खोप घालून राहायला लागतो. हे सांगतोय ते हलवू नका म्हणून नाही. काही शे घरं हलवायला एवढं लागतं, तर चार लाखांचं शहर हलवा हे वाक्य उच्चारताना त्याचं वजन माहीत असावं म्हणून.

एखाद्या वस्तीबद्दल कुणी मला विचारतं तेव्हा मी काय बघतो ते सांगतो. जमीन आज किती उंच आहे यापेक्षा ती कुठल्या वेगानं खचतेय हे आधी. मग बांधाच्या बाहेर काय आहे. लुइझियानानं १९३० च्या दशकापासून सुमारे पाच हजार चौरस किलोमीटर किनारी जमीन गमावलीय, कारण नदीला बांध घातल्यामुळे गाळ दलदलीत पसरत नाही, तेल-वायूसाठी खोदलेल्या कालव्यांतून खारं पाणी आत शिरतं, आणि जमीन बसतेय. दलदल गेली की वादळाची लाट थेट बांधावर येते. गाळ परत दलदलीत सोडायचा मोठा प्रकल्प, मिड-बॅराटेरिया, २०२३ ला सुरू झाला आणि २०२५ मध्ये राज्यानं रद्द केला. खर्च वाढला होता, कालवं (शिंपले) आणि कोळंबी पकडणाऱ्यांचं नुकसान होणार होतं, हे खरंच आहे, पण तो गाळ गेला म्हणजे पुढच्या पिढीच्या बांधावर तितका जास्त भार आला, हेही खरं. त्यानंतर बघतो की वादळाआधी गाडी नसलेले लोक बाहेर कसे पडणार, आणि बांधाची देखभाल कोण, कुठल्या करातून करणार. यातली दोन उत्तरं वाईट असतील तर मी विचार करायला सांगतो, सगळीच वाईट असतील तर वस्ती सोडायला सांगतो.

आणि सोडायची असेल तर ते वादळ यायच्या आधी ठरलेलं असावं. वादळानंतर लोक दोन-तीन आठवड्यांत छतावर ताडपत्री टाकून दुरुस्ती सुरू करतात, त्यानंतर येणारा प्रत्येक नकाशा त्यांना घर हिसकावणारा वाटतो. आधी किंमत सांगा, ती वादळाआधीची खोलगट भागातली पडेल किंमत नको, शेजारच्या उंच वॉर्डात तसंच घर घेता येईल इतकी हवी, त्याच शहरातली उंच जागा दाखवा, शेजारी शेजारी एकत्र जाऊ शकतील असं करा, आणि मग विचारा. विचारण्याचा हा क्रम असेल तर बरेच लोक हो म्हणतात, माझ्यासमोर म्हणालेत. शहराच्या आतच उंचवट्याकडं सरकणं, सोडलेल्या जागी पावसाचं पाणी साठवणं, जेंटिलीत थोडंफार तसं चाललंय, आणि उरलेल्याला भक्कम बांध. न्यू ऑर्लिन्ससाठी मला हाच मार्ग दिसतो. मायामी किंवा आपल्याकडच्या एखाद्या किनाऱ्यासाठी तो जसाच्या तसा लागू करू नका, मायामीखाली सच्छिद्र चुनखडी आहे, तिथं भिंत बांधली तरी पाणी खालून येतं.

आता बहिणीच्या घराबद्दल. पहिली गोष्ट, घर बांध-भिंतींच्या नव्या यंत्रणेच्या आत आहे की बाहेर हे बघा. आत असेल तर नदीकाठच्या जुन्या उंचवट्यावर किंवा जेंटिली-मेटरी रिज नावाच्या उंच पट्ट्यावर (खोलगट जेंटिलीत नव्हे) मिळतंय का बघा, किमती जास्त आहेत पण त्याला कारण आहे. विकणाऱ्याकडं उंचीचा दाखला, एलेव्हेशन सर्टिफिकेट, मागा, आणि जमिनीची उंची वेगळी व तळमजल्याची उंची वेगळी वाचा. घर स्लॅबवर आहे की खांबांवर हे पण बघा, खोलगट भागात स्लॅबवरचं घर मी तरी घेऊ देणार नाही.

विम्याचं असं आहे की वाऱ्याचा आणि पुराचा विमा वेगळा. घराच्या साध्या पॉलिसीत पूर येत नाही. २०२० आणि २०२१ च्या वादळांनंतर लुइझियानात बऱ्याच विमा कंपन्या बुडाल्या, ज्यांना कुणीच विमा देत नाही त्यांच्यासाठीच्या सरकारी सिटिझन्सचा दर २०२३ मध्ये सरासरी ६३ टक्क्यांनी वाढला, तेव्हा घर बघायच्या आधी त्या पत्त्याचं कोटेशन घ्या, नंतर नाही. पुराच्या सरकारी विम्यात इमारतीसाठी अडीच लाख आणि सामानासाठी एक लाख डॉलर ही कमाल मर्यादा आहे, आणि नवी पॉलिसी साधारण तीस दिवसांनी लागू होते, त्यामुळे वादळ मेक्सिकोच्या आखातात दिसल्यावर धावून उपयोग नसतो. २०१६ च्या नव्या नकाशात शहराचा बराच भाग कमी जोखमीच्या एक्स झोनमध्ये गेला, तिथं बँक पुराचा विमा सक्तीचा करत नाही. एजंट म्हणेल गरज नाही. ते ऐकू नका, वर सांगितलेले २६ टक्के त्याच भिंतीमागच्या घराचे आहेत, आणि पंप बंद पडून नुसत्या पावसानं ऑगस्ट २०१७ मध्ये तिथल्या घरांत पाणी गेलं होतं.

घराचा पत्ता ठरला की उंचीच्या दाखल्यातले आकडे इथं टाका, मी बघून सांगतो.